एल्डनच्या गाडीखालची पांढरी रेघ

१

एल्डन रुस्टाडची मोटरसायकल टोइंगवाल्याच्या आवारात कुशीवर पडली होती, आणि तिच्या पोटाखाली जिथे ब्रेस असायला हवा होता तिथे काहीच नव्हतं.

"बघ, डोळे भरून बघ," लाइल ब्रँट म्हणाला. लाइलचं शेजारच्या गावात मोटरसायकलींचं मोठं दुकान आहे आणि त्याहून मोठं तोंड आहे. "डॉरीनच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय? ब्रेस बसवला. मग कुठंय ब्रेस? माझ्या खिशात?"

लाइलला उत्तर दिलं की तो आणखी तीन प्रश्न विचारतो.

लांबच्या प्रवासाच्या या जड गाड्यांचं इंजिन रबरी गाद्यांवर बसवलेलं असतं, म्हणजे बसणाऱ्याच्या बुडाला थरथर लागत नाही. पण वर्षं गेली की त्या गाद्या मऊ पडतात. मग लांबलचक वळणावर वेगात असताना मागचं चाक स्वतःच्या मर्जीने डावं-उजवं करायला लागतं. आमच्याकडे त्याला 'गाडी शेपूट हलवते' असं म्हणतात. हसत म्हणतात, पण ज्याची हलली आहे तो हसत नाही. ब्रेस म्हणजे हातभर लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा. तो इंजिनची मागची बाजू फ्रेमशी बांधून ठेवतो. मग इंजिन वर-खाली हवं तेवढं हलू दे, आडवं हलत नाही.

एल्डन एकाहत्तर वर्षांचा. चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवला आणि आता त्याला एकट्याने अलास्काला जायचं होतं, पुढच्याच आठवड्यात. त्यासाठीच त्याने शनिवारी आमच्या गावातल्या मेकॅनिककडून, डॉरीन हॉफ्टेकडून, ब्रेस बसवून घेतला. मंगळवारी सकाळी तो सहज एक फेरी मारायला निघाला. हेगनच्या गोठ्याजवळच्या वळणावर गाडीने शेपूट हलवलं आणि तिने एल्डनला मक्याच्या शेतात नेऊन टाकलं. खुबा मोडला, डोक्याला मार लागला. वाचला, पण गुंगीतच होता, त्याला काही विचारून उपयोग नव्हता.

आज गुरुवार होता. शेरीफच्या माणसाने 'ब्रेस आढळला नाही' असं लिहून घेतलं होतं आणि ते वाक्य लाइलने दोन दिवसांत तीन गावांत पोचवलं होतं.

मी टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसले. ब्रेसच्या जागी दोन जुने, आखूड बोल्ट पक्के बसवलेले होते. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर एक रेघ ओढलेली होती. बोल्ट पिळून झाला की जाणता माणूस अशी रेघ ओढतो. पुढे बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

"तेच तर सांगतोय!" लाइलला राहवेना. "बाईने जुनेच बोल्ट परत पिळले, वर खूणसुद्धा केली आणि समजली की ब्रेस बसला. डोकं गेलंय तिचं. तिच्या आईचंही याच वयात असंच झालं होतं."

मी उठले, गुडघे झटकले.

"लाइल, तुझ्या दुकानात आज गिऱ्हाईक नाही वाटतं?"

तो काहीतरी पुटपुटत गेला. मी परत वाकून नीट पाहिलं. माझी स्वतःची गाडी बावीस वर्षं डॉरीनकडे जाते. तिच्या खुणा मला पाठ आहेत. तिची बहीण दारोदार सौंदर्यप्रसाधनं विकायची आणि न खपलेल्या एका भडक नारिंगी नेलपॉलिशचा अख्खा खोका तिने डॉरीनच्या गळ्यात मारला होता. त्या रंगाने आजवर कुणी नखं रंगवली असतील असं मला वाटत नाही. पण या तालुक्यातले निम्मे बोल्ट रंगलेत. एल्डनच्या ब्रेकवरही तोच जाड नारिंगी ठिपका होता.

ब्रेसच्या जागेवरच्या दोन्ही रेघा मात्र बारीक, सरळ आणि पांढऱ्या होत्या.

२

डॉरीन दुकानात नव्हती. दुकानामागच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली होती. समोरची कॉफी केव्हाच निवली होती.

"आलीस? बरं झालं," ती म्हणाली आणि दुकानाची किल्ली टेबलावरून माझ्याकडे सरकवली. "ही तुझ्याकडे ठेव. मी आत गेले तर आणखी कुणाचा तरी जीव घेईन. सोमवारी लिलाववाला हत्यारांची यादी करायला येतोय."

"वेड लागलंय का तुला?"

"तेच तर वाटतंय सगळ्यांना."

मला तिचा राग आला. डॉरीन सत्तर वर्षांची. नवरा गेल्यावर लोक म्हणाले दुकान विक, तेव्हा तिने नवीन बोर्ड लावला होता. ती अशी हात पाय गाळून बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

"शनिवारी काय काय केलंस, पहिल्यापासून सांग."

"सांगून काय होणार?"

"डॉरीन, मी सत्तावीस वर्षं शाळेच्या बसखाली उताणी पडून काढलीत. सरकारने मला त्याचाच पगार दिला. ड्रायव्हर म्हणायचा सगळं ठीक आहे, मालक म्हणायचा सगळं ठीक आहे, आणि मी म्हणायचे, मला बघू दे. आता मला बघू दे."

तिने डोळे मिटून सांगितलं. गाडी उचलली. जुने आखूड बोल्ट काढले. ब्रेसबरोबर आलेले लांब बोल्ट घेतले, ते सुटू नयेत म्हणून आट्यांना निळा गोंद लावला. ब्रेसचा डावा कोपरा एका पाइपला घासत होता म्हणून तो कानशीने गोल केला. मग गाडी खाली घेतली, चाकांवर उभी केली आणि शेवटचं पिळणं तशा उभ्या गाडीवर केलं, कारण गाडी लटकत असताना पिळलं तर ब्रेस तिरका ओढतो. नेलपॉलिश लावलं. काढलेले जुने बोल्ट पावाच्या रिकाम्या पिशवीत घालून, गाठ मारून, हँडलला बांधले.

ती पिशवी आम्हा सगळ्यांच्या ओळखीची. 'तुझं आहे, तू घेऊन जा,' असं डॉरीनचं म्हणणं. काढलेला वॉशरसुद्धा ती ठेवून घेत नाही.

"मग? एवढं लख्ख आठवतंय तुला."

"तेच तर!" तिने डोळे उघडले. ते भरले होते. "आईलाही सगळं लख्ख आठवायचं. मामा जेवून गेला म्हणायची, आणि मामाला जाऊन वीस वर्षं झालेली. कानस मी फिरवली, पण ती एल्डनच्याच ब्रेसवर फिरवली का? की मागच्या वर्षीच्या दुसऱ्या कुणाच्या? ब्रेसचा खोका मी शेगडीत जाळला. चिठ्ठी मीच लिहिलेली. माझ्याशिवाय साक्षीदार कोण? आणि माझ्यावर माझाच विश्वास नाही."

"तिथल्या रेघा पांढऱ्या आहेत, तुझ्या नाहीत."

"वसंतात मी टपालपेटी पांढरी रंगवली. डबा दुकानातच आहे. कोण जाणे मी काय उचललं!"

मी किल्ली खिशात टाकली.

"सोमवारपर्यंत मला वेळ दे," मी म्हटलं.

"वेळ घे. पण लव्हॉन, मला बरं वाटावं म्हणून काही शोधून आणू नकोस. खोटं मला कळतं. अजून तेवढं कळतं."

३

शुक्रवारी सकाळी मी रुबार्बच्या आंबट देठांची गोड 'पाय' भाजली आणि टोइंगवाल्या मर्लकडे गेले.

"पाच मिनिटं," मर्ल त्या गोडाचा वास घेत म्हणाला. "आणि मला काही दिसलेलं नाही."

"तुला तसंही काही दिसत नाही, मर्ल."

आधी फोटो काढले. मग एका बाजूचा आखूड बोल्ट सोडवला. घट्ट होता, अगदी हवा तेवढा घट्ट. ज्याने पिळला त्याने जोर मोजणारा टॉर्क पाना वापरला होता, अंदाजाने पिळलेला नव्हता. बोल्टच्या आट्यांवर जुना गंज होता, आणि ते ठणठणीत कोरडे होते. निळ्या गोंदाचा ठिपकाही नाही. डॉरीन गोंदाशिवाय दाराची बिजागरीसुद्धा बसवत नाही.

मग मी दातांच्या डॉक्टरकडे असते तशी बारीक सळई आणि छोटा आरसा काढला. दोन्ही माझ्या नोकरीतले. आखूड बोल्ट त्या भोकात अर्धा इंच जात होता, गंजाच्या कडेवरून ते स्वच्छ दिसत होतं. मी सळई त्याच्या पुढे घातली, आणखी आत, जिथे तो बोल्ट जन्मात पोचला नसता. खरवडली आणि बाहेर काढली.

सळईच्या टोकाला निळी पपडी होती.

मी तिथेच, मर्लच्या चिखलात, पाच मिनिटं बसून राहिले. खरं सांगते, रडले. या भोकात लांब बोल्ट जाऊन बसला होता, निळा गोंद लावलेला, आणि नंतर कुणीतरी तो काढला होता. म्हणजे ब्रेस बसला होता. डॉरीनचा हात चुकला नव्हता आणि डोकंही.

फोनवर तिने सगळं ऐकून घेतलं.

"तू माझी मैत्रीण आहेस," शेवटी म्हणाली. "तुला निळं दिसणारच."

"फोटो आहेत!"

"फोटोत निळं आहे. ते कधीचं, कुणाच्या हातचं, ते फोटोत नाही. मला ब्रेस दाखव, लव्हॉन. डाव्या कोपऱ्याला कानस लावलेला. तो हातात आला तर मानीन."

ठीक आहे. मग ब्रेस.

मी डोकं चालवलं. ब्रेस काढला तर भोकं रिकामी दिसतात, म्हणून चोराने आखूड बोल्ट परत लावले. ते एल्डनच्याच गाडीचे मूळ बोल्ट होते, गंज जागच्या जागी जुळत होता. आणि ते बोल्ट शनिवारी दुपारनंतर एकाच ठिकाणी होते, पावाच्या पिशवीत, एल्डनच्या घरी. लाइल कितीही नाठाळ असला तरी एल्डनच्या गॅरेजमध्ये त्याचा पाय कधी पडला नव्हता. काम करणारा घरातला, नाहीतर घरच्यासारखा होता. आणि त्याला ब्रेस तेवढा काढायचा होता, बाकी गाडीचं काही बिघडू द्यायचं नव्हतं. नाहीतर चोरी करणारा टॉर्क पाना कशाला शोधेल?

एल्डन घरात एकटाच राहतो, आणि घरच्यासारखा एकच होता. गेलन स्टुब. एल्डनचा शेजारी, गाई पाळणारा, त्याच्याकडे तीच गाडी, त्याच सालातली. तोही ब्रेससाठी दोन महिने रांगेत होता. माल येत नव्हता. आलेला एकुलता एक ब्रेस डॉरीनने एल्डनला बसवला, कारण एल्डन लांब निघणार होता. यावरून गेलनने तिच्या दुकानात आरडाओरडा केला होता, तो मी स्वतः ऐकला होता.

शुक्रवारी संध्याकाळी अख्खं गाव मासे खायला माजी सैनिकांच्या लीजन हॉलवर जमतं. ऊन अजून चांगलं होतं. गेलनची गाडी बाहेर उभी होती. मी इकडे तिकडे पाहिलं आणि सहासष्टाव्या वर्षी, नव्या पँटीत, खडीवर आडवी झाले.

गाडीच्या पोटाखाली ब्रेस होता. कोरा, चकचकीत.

४

"काही पडलंय का तुझं?" वरून गेलनचा आवाज आला. त्याच्या हातात ब्रँडीचा ग्लास होता.

"हो. माझा तुझ्यावरचा विश्वास," मी खालूनच म्हटलं. "हा ब्रेस कुठून आणलास?"

"लाइलने सोमवारी बसवला. त्याच्याकडे एक आला होता. का?"

"डॉरीनच्या नाकावर टिच्चून लाइलकडे गेलास?"

"मग काय करू? एल्डन अलास्काला जाणार आणि मी शेपूट हलवत चर्चला जाऊ?" तो चिडला. मग त्याला काहीतरी उमगलं आणि ग्लासातलं थोडं सांडलं. "लव्हॉन, तुला वाटतं का की मी एल्डनचा... अगं, मी त्याला त्या मक्यातून उचललंय! मंगळवारी तिथे पहिला पोचणारा मी होतो!"

मी आरसा डाव्या कोपऱ्यावर धरला. कोपरा तीक्ष्ण, कारखान्यातून आला तसा. उजवाही तसाच. बोट फिरवलं तर कापेल असा. कानस या ब्रेसच्या वाटेला गेलेलीच नव्हती. बोल्टवर कसलीही खूण नव्हती. गेलन तर खतांच्या गोण्यांवरही खूण करत नाही, दर वर्षी चुकीची फोडतो.

"मला हात दे," मी म्हटलं. "आणि माफ कर. आता रविवारचं सांग. तू तिकडे जेवायला होतास ना?"

आम्ही आत बसलो. त्याने माझ्यासाठी तळलेले मासे मागवले, याचा अर्थ माफ केलं होतं.

"रविवारी मी होतो, मारेन होती. ती सुट्टीला आली होती."

मारेन एल्डनची मुलगी, एकुलती एक. नदीपलीकडे पवनचक्क्यांवर काम करते, अडीचशे फूट उंच चढून. आता ती रजा टाकून ला क्रॉसच्या हॉस्पिटलात बापाच्या उशाशी बसून होती.

"भांडण झालं?"

"नेहमीचंच. 'डॅड, एकटा नको जाऊस.' 'मी काय कुक्कुलं बाळ आहे?' मग मारेन म्हणाली, मागच्या वर्षी काय कबूल केलं होतंस? लव्हॉन, आठवतंय ना तुला, हेगनच्या वळणावर त्याची गाडी हलली होती? घरी आला आणि दोन महिने गाडीकडे बघितलं नाही. तेव्हा तो म्हणाला होता, पुन्हा एकदा जरी शेपूट हललं तर गाडी विकून टाकीन, शप्पथ."

"आणि रविवारी काय म्हणाला?"

"हसला. म्हणाला, आता हलायचंच नाही, ब्रेस बसवलाय. आता त्या वळणाला भ्यायचं कशाला? बघ कसा ताशी ऐंशी मैलांनी घेतो ते." गेलनने काटा खाली ठेवला. "आणि मी मूर्ख, टाळी दिली त्याला."

"हे ऐंशीचं त्याने मारेनसमोर सांगितलं?"

"नाही, ती तेव्हा भांडी विसळायला आत गेली होती. आणि नंतर मीही निघालो. दूध काढायची वेळ झाली होती."

मासे छान होते. मी निम्मे ताटातच ठेवले आणि उठले.

५

शनिवारी मी हॉस्पिटलात गेले. एल्डन झोपला होता, डोक्याला पांढरं बांधलेलं, तोंड उघडं. मारेन खिडकीशी बसली होती. बेचाळीस वर्षांची, बापासारखे रुंद खांदे, चार दिवसांची झोप डोळ्यांत.

"तुम्ही आलात, बरं वाटलं," ती म्हणाली. "लोक फुलं पाठवतात. डॅडला शिंका येतात फुलांनी."

"डॉरीनबद्दल लोक काय बोलतात, ऐकलंस?"

तिने नजर वळवली. "मी कुणाला काही बोललेले नाही. मी शेरीफलाही सांगितलं, आम्हाला कुणाविरुद्ध काही करायचं नाही. होतात चुका. सोडून द्या."

"डॉरीनने अजून सोडलेलं नाही."

मी आणलेला डबा पलंगावरच्या चाकांच्या टेबलावर ठेवला आणि टेबल एका बाजूला कललं. त्याचा आडवा हात सैल झाला होता.

"कालपासून असंच आहे," मारेन म्हणाली. जाकिटातून छोटा पाना काढला, वाकून स्क्रू आवळला, टेबल हलवून पाहिलं, पुन्हा थोडा आवळला. मग बाहीवरच्या खिशात हात गेला. रंगाचं पेन निघालं. स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या पट्टीवर, एका ओढीत, तिने रेघ मारली. बारीक, सरळ.

आणि पांढरी.

ती माझ्याशी बोलतच होती. आपण काय केलं याचा तिला पत्ताही नव्हता.

मी त्या रेघेकडे बघत राहिले. माझ्या मनात तिच्याबद्दल रागच यायला हवा होता, पण आधी आली ती कीव.

"मारेन, जरा बाहेर येतेस? त्यांना झोपू दे."

गाड्या लावायच्या जागी तिचा ट्रक उभा होता, मागे हत्यारांची लोखंडी पेटी. मी त्या पेटीला टेकून उभी राहिले.

"ब्रेस कुठे आहे?"

तिने पेनाचं टोपण लावलं. काढलं. परत लावलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू आत्ता टेबलाला खूण केलीस. तशीच गाडीच्या बोल्टांना केली आहेस."

"गाडीच्या?" ती पेनाकडे बघायला लागली. "मी खूण केली? मला नाही आठवत."

"हाताला आठवलं. वर पवनचक्कीत बोल्ट पिळला की रेघ ओढल्याशिवाय तुझा हात मागे येत नसेल."

"नाहीच येत," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. "मी बोल्ट नीट पिळले होते, लव्हॉन. टॉर्क पान्याने. दुसरं काही सुटायला नको म्हणून दोनदा तपासले. मला त्याला पाडायचं नव्हतं! ती गाडी पासष्टला हलायला लागते. मागच्या वर्षी पासष्टलाच हलली, डॅड हळू झाला आणि घरी आला. मला तेवढंच हवं होतं. एकदा हलावी, त्याने घाबरावं, घरी यावं, गाडी विकावी. आई गेल्यापासून मला तो एकटाच आहे. आठ हजार मैल तो एकटा जाणार आणि मी इथे फोनची वाट बघत बसणार?"

"पण तो पासष्टने गेला नाही."

"ऐंशीने गेला." तिने तोंडावर हात घेतला. "कारण त्याला वाटलं ब्रेस आहे. ब्रेस नसता आणि त्याला माहीत असतं, तर तो हळूच गेला असता. हे मला सुचलंच नाही. रोज भरवशाच्या बोल्टांवर लटकते मी, आणि मला हे सुचलं नाही."

मग मी जे सांगायला आले होते ते सांगितलं.

"डॉरीनला वाटतंय ती तिच्या आईसारखी झाली. किल्ली मला दिलीय. सोमवारी लिलाववाला तिच्या हत्यारांची यादी करायला येतोय."

मारेनने मान वर केली. हे तिला माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

"मला वाटलं लोक थोडे दिवस बोलतील आणि विसरतील."

"लोक विसरतील गं. तिचं काय?"

तिने पेटीचं कुलूप उघडलं. सगळ्यात खाली, टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

६

डॉरीनच्या स्वयंपाकघरात मारेन बसली नाही. टॉवेल टेबलावर ठेवला, उभ्या उभ्या सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. मला मधे बोलावं लागलं नाही.

डॉरीनने टॉवेल उलगडला. ब्रेस होता, दोन लांब बोल्टही होते, आट्यांत निळं, डोक्यांवर अर्धा अर्धा नारिंगी ठिपका. तिने ते बाजूला सारले. डोळे मिटले आणि अंगठा ब्रेसच्या कडेवरून फिरवत नेला, सावकाश, डाव्या कोपऱ्यापर्यंत.

कोपरा गोल होता.

तिचा अंगठा तिथेच राहिला. पुढे, मागे, पुढे.

"चार दिवस, पोरी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "चार दिवस मी सकाळी उठून आरशात बघून माझं नाव म्हणून बघत होते. येतंय का ते. तुझा बाप पडणार हे तुला ठाऊक नव्हतं. पण माझा हात चुकला नव्हता हे मंगळवारपासून तुला ठाऊक होतं."

"हो," मारेन म्हणाली. "मला माफ..."

"ते आत्ता मागू नकोस. आत्ता माझ्याकडे नाहीये. आधी बापाला सांग, मग शेरीफला. मग एखाद्या दिवशी ये, बघू."

मारेन दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. डॉरीनने उसासा टाकला, खुंटीवरचं जाकीट घेतलं.

"चल. मी येते बरोबर. बोलायचं तूच."

एल्डन त्या दिवशी जागा झालाच नाही, रविवारी दुपारी शुद्धीवर आला. मारेन बोलली, तो छताकडे बघत ऐकत राहिला.

"जुने बोल्ट," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "नीट पिळले होतेस ना?"

"हो, डॅड."

"खूण?"

"केली होती."

त्याने मान हलवली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. पण पांघरुणाबाहेर आलेला हात त्याने तसाच उघडा ठेवला. मारेनने तो धरायला बराच वेळ घेतला. ती आणि तो त्याचं पुढे काय करतील, ते मी विचारलेलं नाही.

परतताना गाडीत डॉरीनने माझ्यापुढे तळहात पसरला.

"किल्ली."

सोमवारी सकाळी मी कॉफी घेऊन गेले तेव्हा दुकानाचं दार उघडं होतं आणि गेलनची गाडी आत होती. लाइलने ब्रेस गाडी लटकत असताना पिळला होता म्हणे, तिरका बसला होता. डॉरीन खाली आडवी पडून त्याच्याबद्दल जे बोलत होती ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन वाजला. तिने खालूनच हात लांब केला, मी फोन दिला.

लिलाववाला होता. निघालोय म्हणाला.

"येऊ नका," डॉरीन म्हणाली. "बेत रद्द."

"मग कधी येऊ?"

"मी विसरायला लागले की."

"कळवाल ना पण?"

"मी कसं कळवणार?" गाडीखालून डॉरीन म्हणाली. "तेव्हा लव्हॉन कळवेल."

तिने फोन मला परत दिला आणि नारिंगी बाटली मागितली.